आजारपणाचा खाडा

राज्यघटनेचं तेविसावं कलम एकाच दमात दोन गोष्टींना मनाई करतं: माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी. घटनाकारांनी या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी बसवल्या, आपण त्यांची फारकत केली. मानवी तस्करी म्हटलं की आपल्याला कामाठीपुरा नाहीतर बुधवार पेठ आठवते, पोलिसांची धाड आठवते, तोंडावर ओढणी घेऊन गाडीत चढणाऱ्या मुली आठवतात. वेठबिगारी म्हटलं की वाटतं, हे जुनं, जमीनदारांच्या काळातलं, केव्हाच संपलेलं प्रकरण. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून ट्रक-ट्रॅक्टरांत भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरं घालून सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर आणि पलीकडे बेळगावपर्यंत ऊसतोडीला जाणारी माणसं यांपैकी कुठल्याच चित्रात बसत नाहीत. त्यांच्यासाठी आपण तिसरा खण केला आहे आणि त्यावर चिठ्ठी लावली आहे, ‘कामगार प्रश्न’.

या चिठ्ठीमुळे औषधपाणीही चुकतं, असं मला म्हणायचं आहे. गरीब मजुरांचं आरोग्य बिघडलंय असं धरलं, तर आपण शिबिर भरवतो, लोहाच्या गोळ्या वाटतो, फोटो काढतो. कर्जाने बांधून नेलेल्या माणसाचं आरोग्य बिघडलंय असं धरलं, तर पहिलं औषध दुसरंच निघतं.

आधी हिशेब मांडू, कारण ऊसतोडीत सगळं हिशेबावर चालतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसं दोन, मोजणी एक. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा मध्यस्थ, या कोयत्याला उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ती पन्नास हजार असेल, लाख असेल, त्याहून जास्तही असेल. घरातलं लग्न, आधीचं देणं, पावसाने दगा दिलेली शेती, सगळं त्या उचलीतून भागतं आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात साखर संघ आणि कामगार संघटनांचा करार झाला, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ वर गेला. चांगली वाढ होती, नाही म्हणवत नाही. आता एक लाखाची उचल या दराने भागा. २७३ टन येतात. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो, म्हणजे १३७ दिवस. गाळपाचा हंगाम चार ते पाच महिन्यांचा. त्यात आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडून घेतलेली खर्ची धरलेली नाही, कारखाना बंद पडलेले दिवस धरलेले नाहीत, ऊसच मिळाला नाही ते दिवसही धरलेले नाहीत. आजारी पडायला या गणितात जागा कुठे आहे?

जागा नाही म्हणूनच खाडा आहे. शहरात खाडा म्हणजे कामाच्या मावशी आल्या नाहीत तो दिवस, कॅलेंडरावरची फुली. ऊसतोडीत तोच शब्द दंडाला वापरतात. कामावर गेलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय पाचशे ते हजार रुपये उचलीत चढतात. जोडीतली बाई बसली की कोयताच थांबतो, कारण एकाने तोडायचं आणि दुसऱ्याने पाचट, म्हणजे वाळलेला पाला, काढून मोळी बांधायची, अशी ती रीत आहे. मोळ्या गाडीत भरतानाही बाई लागतेच. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते, मग पाळी असो, पोटात पाचवा महिना असो.

समजा एखादी बाई पाळीचे महिन्यातले चार दिवस घरी बसली. घर म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी. पाच महिन्यांत वीस दिवस झाले. वीस दिवसांची बुडालेली मजुरी, दोन टनांच्या हिशेबाने, १४,६४० रुपये. पाचशेने वीस खाडे, दहा हजार. एका हंगामात चोवीस-पंचवीस हजारांचं नुकसान. खासगी दवाखान्यात गर्भाशय काढायचा खर्च याच घरातला, पंचवीस-तीस हजार, आणि बऱ्याचदा तो मुकादमच उचलीत वाढवून देतो. म्हणजे ऑपरेशन साधारण एका हंगामात ‘फिटतं’, पुढचे हंगाम नफ्याचे. लोक म्हणतात, या बायका अडाणी, डॉक्टर सांगतील ते ऐकतात. मला तसं वाटत नाही. त्यांचा हिशेब चोख आहे. चुकलंय ते ज्या पाटीवर तो मांडायला लागतो ती पाटी.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याजवळच्या तळावर गेले होते. तळ म्हणजे मोकळं रान, शंभरेक कोप्या, एक पाण्याचा टँकर आणि संडास कुठेच नाही. दुपारी गाडी भरून झाल्यावर तिशीतली एक बाई वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा टेकवून बसली होती. ‘अंगावरून जातं’ म्हणाली, ‘लई दिवस झाले.’ मग कोपीत जाऊन तिने प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, पोराचा जन्मदाखला आणि सोनोग्राफीचा कागद. सगळं एकाच किमतीचं असल्यासारखं घडी घालून ठेवलेलं. कागदावर लिहिलं होतं, ‘बल्की युटेरस, सर्व्हायकल इरोजन’. तिला तिकडच्या डॉक्टरांनी मराठीत सांगितलं होतं ते असं: ‘पिशवी सडायला लागलीय, आज ना उद्या कॅन्सर होईल.’ तिच्या जावेची पिशवी आदल्याच वर्षी काढलेली. ‘मंग काढलेली काय वाईट?’ तिने मला विचारलं.

दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं दिसणं अगदी नेहमीचं. ज्याला इरोजन म्हणतात ती गर्भाशयमुखावरची लालसर जागाही बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, ती कॅन्सरची पहिली पायरी नव्हे. पांढरं जाणं जंतुसंसर्गाचं असेल तर गोळ्यांनी बरं होतं. जास्त रक्तस्रावालाही आधी गोळ्या, मग गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, मग बाकीचे उपाय असा क्रम आहे, गर्भाशय काढणं शेवटचं. पण गोळ्यांचा क्रम पुरा करायचा तर दोन-तीन वेळा परत दाखवायला यावं लागतं. प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. स्वच्छ पाणी नाही, संडास नाही, पाळीतलं फडकं धुवायला आडोसा नाही, म्हणून संसर्ग पुन्हा होतो आणि गोळ्या ‘लागू पडत नाहीत’. मग एकदाचं काढून टाकलेलं बरं, हा सल्ला डॉक्टरही देतात, मुकादमही देतो, जाऊही देते. त्याबरोबर अंडाशयही काढले असतील तर पस्तिशीतच पाळी बंद झाल्यासारखे सगळे त्रास सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. मोळी मात्र तेवढीच राहते.

आकडा आता सर्वांना माहीत आहे, तरी तो लिहायला हवा. २०१९ मध्ये बातम्यांनी गदारोळ उठल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या देशभरच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची वयोगटाची चौकट वेगळी आहे, हे मान्य. तरी तीन आणि सतरा यांतलं अंतर वयाने भरून निघणारं नाही.

सरकारने हातावर हात ठेवले असंही नाही. खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बीडमध्ये बंधनकारक झालं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे, अशी तरतूद झाली. पोरांच्या वसतिगृहांची योजना आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवरच्या याचिकेत सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. यातलं काही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. परवानगीच्या अटीने सुरीला आवर घातला, पण सुरीपर्यंत नेणारा रस्ता तसाच मोकळा राहिला. आणि जिला खरोखरच ऑपरेशनची गरज आहे, गाठी आहेत, रक्त थांबत नाही, तिला या परवानगीसाठी आणखी एक फेरी पडते. ती फेरीही खाड्यातच.

मराठवाड्याला संकटातली वैद्यकीय मदत काय असते ते माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरलं आणि काही दिवसांतच तंबू, डॉक्टर, औषधांचे खोके, देशी-परदेशी पथकं यांनी औसा-उमरग्याचा परिसर भरून गेला. भूकंपाला तारीख होती, वेळ होती. दुष्काळाला तारीख नसते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली तेव्हा सगळा देश बघत होता, कारण रेल्वे दिसते. त्याच दुष्काळात आदल्या दिवाळीला ज्यांनी वाढीव उचल घेतली त्यांचं देणं कुणाला दिसलं नाही. हळू येणाऱ्या संकटात माणूस ढिगाऱ्याखाली सापडत नाही, तो कर्जाखाली सापडतो, आणि कर्ज उपसायला पथक येत नाही. त्यामुळे ऊसतोडीच्या तळावर फिरता दवाखाना नेमाने येतो की नाही, हा प्रश्न आपण मदतकार्याचा धरत नाही. तो ‘सोयीसुविधा’ या सदरात जातो, आणि त्या सदराचं काय होतं ते ग्रामपंचायतीत बसलेल्या कुणालाही विचारा.

आता दुसरीकडे बघू, जिथे तस्करी हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. पिटा कायद्याच्या, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या, पंधराव्या कलमात सोडवून आणलेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. ती कशासाठी? वय ठरवायला, अत्याचाराच्या जखमा पाहायला आणि लैंगिक आजार आहेत का ते शोधायला. उपचारासाठी हा शब्द त्या ओळीत नाही. डॉक्टर तिथे आहे, पण तो पोलिसांचा आणि कोर्टाचा. याच मानसिकतेतून ‘टू फिंगर टेस्ट’ नावाचा, अत्याचाराची तक्रार करणाऱ्या बाईला बोटं घालून तपासण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो चूक ठरवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच पुन्हा, जास्त कडक शब्दांत सांगावं लागलं. वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्यात तर सुटका झालेल्या मजुराची वैद्यकीय तपासणी करा असं बंधन घालणारं कलमच नाही. सुटकेचा दाखला मिळतो. पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, बायका-मुलांना दोन लाख, अति गंभीर प्रकरणांत तीन लाख अशी रक्कम आहे. पण वाकलेल्या पाठीचं आणि काढलेल्या गर्भाशयाचं काय? म्हणजे एका खणात डॉक्टर पुरावा गोळा करतो, दुसऱ्या खणात तो नसतोच. दोन्ही ठिकाणी बाई रुग्ण म्हणून कधी येतच नाही.

यावर नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. ही माणसं स्वतःच्या पायांनी जातात, उचल मागून घेतात, काही जण दोन-दोन मुकादमांकडून घेऊन पसार होतात, मग यात वेठबिगारी कसली? मुकादमाची बाजू खोटी नाही. पैसे बुडाल्याने जमीन विकायची पाळी आलेले मुकादम आहेत, आणि कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून आलेल्या रकमेला शेवटी तेच जामीन असतात. पण बुडवणाऱ्यांमुळे फेडणाऱ्यांची अवस्था बदलत नाही. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्ती फक्त दंडुक्याची नसते, पोटाचीही असते, आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशांत दुसरा मार्ग नाही म्हणून केलेलं काम हे तेविसाव्या कलमातलं सक्तीचं काम आहे. मग जिला ताप आहे म्हणून एक दिवस बसता येत नाही, जी हंगाम संपेपर्यंत तळ सोडू शकत नाही, तिला आपण कुठल्या तोंडाने स्वेच्छेची मजूर म्हणतो?

मालक कोण, हा आणखी एक घोळ. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मी स्वतःच त्यांच्यातला. कर्मचारी राज्य विमा या मजुरांपर्यंत पोचत नाही, कारण कागदोपत्री ते कारखान्याचे नाहीत. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुरांना मोफत वैद्यकीय सोय द्यावी असं कलम होतं, पण आंतरराज्य म्हणजे आंतरराज्य. बीडची बाई बेळगावला आजारी पडली तर कायद्यात बसायची, सांगलीला पडली तर नाही. मौज आहे. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत गेला, प्रश्न जागेवरच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांना खुली झाली हे चांगलंच, पण ती भरती झालेल्या रुग्णाच्या ठरावीक उपचारांचे पैसे देते. ओपीडीतल्या गोळ्यांचे नाही, आणि बुडालेल्या दिवसाचे तर नाहीच.

म्हणून मला पहिलं औषध वाटतं ते आजारपणाचा खाडा बंद करणं. दर तीन वर्षांनी दराचं भांडण होतं, मुकादमाच्या कमिशनचं होतं, संप होतात, पुढारी मध्यस्थी करतात. त्याच करारात एक कलम घाला की दवाखान्याचा कागद असेल त्या दिवसाचा दंड उचलीत चढणार नाही आणि त्या दिवसाची किमान मजुरी महामंडळ देईल. टनामागचे दहा रुपये त्यासाठीच आहेत. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यामागे ते एक कोटी होतात, सरकारचे तेवढेच धरले तर दोन. लोक खोटे कागद आणतील, ही भीती दाखवली जाईल. काही आणतीलही. पगारी रजा घेणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी डॉक्टर मित्राकडून कधी दाखला आणला नाही? आपल्याला मिळालेला संशयाचा फायदा त्या बाईलाही मिळू दे.

दुसरं म्हणजे दवाखाना तळावर हवा. बायकांच्या नावांच्या याद्या, आशाताईंच्या नोंदी, गरोदरपणाची तपासणी सगळं गावातल्या उपकेंद्राशी बांधलेलं आहे आणि बाई निम्मं वर्ष गावात नसते. ज्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन किलोपर्यंत नोंदलं जातं, त्या कारखान्याला आपल्या तळावर किती गरोदर बायका आहेत हे सांगता येऊ नये? आठवड्यातून एकदा, तेही गाडी भरून झाल्यावर म्हणजे संध्याकाळी, एक स्त्री डॉक्टर, साध्या तपासण्या आणि लागोपाठ तीन महिने तीच माणसं. सकाळी अकराचं शिबिर तळावर काही कामाचं नाही, त्या वेळी तळ रिकामा असतो.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं तेव्हा महापालिका आणि सेहत या संस्थेने एक साधी गोष्ट मानली, की घरी मार खाल्लेली बाई आधी पोलीस ठाण्यात नाही, दवाखान्यात येते. म्हणून तिथल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना विचारायला शिकवलं गेलं. बांधलेल्या मजुराचंही तेच आहे. वेठबिगारीच्या दक्षता समित्या जिल्ह्याजिल्ह्यांत कागदावर आहेत, पण कोपीतली बाई त्यांच्याकडे अर्ज घेऊन जाणार नाही. ती कंबर धरून बीडच्या जिल्हा रुग्णालयात जाईल, नाहीतर अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तिथल्या केसपेपरवर पाळीच्या इतिहासाची ओळ असते. तिच्याखाली आणखी दोन ओळी छापायला काहीच खर्च नाही: तोडीला कुठे जाता, आणि उचल किती फिटायची आहे. दुसऱ्या ओळीतला आकडा मोठा असेल तर पिशवी काढायची घाई कोणाला आहे ते डॉक्टरला आपोआप कळेल, आणि तो कागद दक्षता समितीकडे गेला तर तिलाही. फक्त हे दसऱ्याच्या आत व्हायला हवं. त्यानंतर वस्तीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी पोरं राहतात, विचारायचं जिला ती गाडीत बसलेली असते.